बगळ्यांचा हंगाम

पुएर्तो बेर्मेहो, २७ ऑक्टोबर १९७४

नेरेइदा,

हे पत्र बघून तू दचकशील. कुणी मेलेलं नाही. सगळे आहेत तिथेच आहेत. मीसुद्धा.

शेजारच्या चेपाचा न्यूयॉर्कला राहणारा पुतण्या सुट्टीला आला होता, त्याच्याकडून तुझा पत्ता मिळाला. त्यानं तो सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून दिला, त्यामुळे घराचा नंबर एक आहे की सात ते कळत नाही. मी सात धरलाय.

लिहायचं कारण एवढंच की तुझा जन्माचा दाखला इथे कपाटात राहिलाय. तिकडे कागदपत्रांना तो लागतो म्हणतात. हवा असेल तर कळव, पाठवते.

बाकी इथे नेहमीचंच. परवाच्या शुक्रवारी बेसबॉलचा हंगाम सुरू झाला. यंदा आपले बगळे अजिंक्यपद घेणार असं न्हावी, पाद्री आणि नगराध्यक्ष तिघेही म्हणतात. या तिघांचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. चेपानं नवी शिट्टी आणलीय. ती घरात वाजवून बघते आणि माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात.

चारही खोल्या क्लबच्या खेळाडूंनी भरल्या आहेत. पहिलीत डेल नावाचा अमेरिकन पिचर आहे. इतका उंच की दर वेळी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटतो आणि दर वेळी चौकटीचीच माफी मागतो. सकाळ-संध्याकाळ अंडी खातो, म्हणून कोंबड्यांचं एवढं कौतुक. दुसरीत पनामाचा कॅचर आहे, रोडमिरो. चेंडू झेलून झेलून त्याच्या हाताचं एक बोट सरळ राहिलेलं नाही, पण गडी हसतमुख. तिसरीत मॅनेजर डॉन रेमिहियो, दरवर्षीप्रमाणे. चौथीत इकडचाच कुणीतरी आहे. गप्प असतो. तुझ्या ओळखीचा नाही.

आपल्यात जे बोलणं झालं होतं त्याला तीन वर्षं होऊन गेली. रागात माणूस कमी-जास्त बोलतं. तूही बोललीस, मीही बोलले.

दाखल्याचं तेवढं कळव.

आई

 

१७ नोव्हेंबर १९७४

नेरेइदा,

तुझं उत्तर नाही. नंबर एक असावा. पण तो सातच असेल असं धरून पुन्हा लिहितेय.

बगळ्यांचं काही खरं नाही. सतरा सामन्यांत तेरा हरले. पहिले सहा ओळीनं हरले तेव्हा गाव म्हणालं, अजून पाय मोकळे व्हायचेत. आता कुणी काही म्हणत नाही. न्हाव्यानं दुकानातला संघाचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलाय.

जेवणाच्या टेबलावर तर सुतक आल्यासारखं असतं. परवा डॉन रेमिहियो म्हणाले, "दोन्या ओनोरिना, घेवड्यात मीठ जास्त झालंय."

मी म्हटलं, "मीठ नाही ते. हरल्याची चव आहे तोंडात."

रोडमिरो हसला. मॅनेजर हसले नाहीत. डेलला भाषा कळत नाही, त्यानं आपलं विचारलं, अजून एक अंडं मिळेल का.

आता एक गोष्ट. गेल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. चौथ्या खोलीतला माणूस तुझ्या ओळखीचा आहे. फाउस्तो आहे.

मी बोलावलं नाही, एवढं लक्षात घे. क्लबचा कारकून यादी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "शॉर्टस्टॉप आहे, इकडचाच, अमेरिकेहून परत आलाय." नाव सांगितलं नाही, कारण नाव ऐकून मी काय म्हणेन ते त्या लबाडाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालत होते, चादर बाजूला केली तर हा समोर. हातात एक पिशवी. इतका वाळलेला की मला आधी वाटलं, त्याचा कुणी थोरला भाऊ असेल.

"दोन्या ओनोरिना," तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तर असाच मागे फिरतो."

मी म्हटलं, "खोली क्लबची आहे. तुम्ही क्लबचे आहात. जेवण एक वाजता."

तुम्ही म्हटलं मी त्याला. याच घरात राहायचा तेव्हा "ए पोरा, पाय पुसून ये" म्हणायचे. आता अहो-जाहो करते. अहो-जाहो केलं की मधे एक टेबल ठेवल्यासारखं होतं, बरं पडतं.

तो काही मागत नाही. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः धुतो. मी दोनदा सांगितलं की असू द्या, तरी धुतो. तुझं नाव त्यानं काढलेलं नाही, मीही काढलेलं नाही. बायकोला तिकडे ठेवून नवरा एकटा परत का येतो, हे मी त्याला विचारणार नाही. मला ते जावयाच्या तोंडून ऐकायचं नाही. तू माझी मुलगी आहेस, तू सांग.

आई

 

४ डिसेंबर १९७४

नेरेइदा,

पत्र मिळालं. म्हणजे नंबर सातच.

दोन ओळी लिहिल्यास. 'दाखला पाठव. त्याच्याविषयी मला काहीही लिहू नकोस.' अक्षर बारीक झालंय तुझं. शाळेत पाटीभर अक्षर काढायचीस आणि मास्तरीण ओरडायची. दोन ओळी मी किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस.

दाखला सोबत आहे. आणि त्याच्याविषयी मी काही लिहिणार नाही. फक्त संघाविषयी लिहीन. आता संघात शॉर्टस्टॉप म्हणून एक माणूस असतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, त्याला माझा इलाज नाही.

डॉन रेमिहियोंना काढलं. आणि कसं काढलं ऐक. आम्ही सगळे जेवत होतो, रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, बगळ्यांच्या मॅनेजरला आज दुपारी पदावरून दूर करण्यात आलंय. मॅनेजरांचा चमचा तोंडाजवळ होता. त्यांनी तो आधी तोंडात घातला, सूप गिळलं, रुमालानं मिशी पुसली आणि मला विचारलं, "दोन्या, माझ्या शर्टांना इस्त्री झाली का?" नव्हती झाली. मी उठून केली. नऊ वर्षं तो माणूस ऑक्टोबर आला की माझ्याकडे यायचा. जाताना म्हणाला, "घेवडा चांगला होता. मीच उगाच बोललो."

त्याच आठवड्यात डेल गेला. चेंडू फेकून फेकून कोपर सुजलं त्याचं. मी हळदीसारखं पिवळं ते मलम आहे ना, ते चोळून बघितलं, पण क्लबच्या डॉक्टरनं मान हलवली. जाताना चौकटीखालून वाकून गेला. पहिल्यांदाच डोकं आपटलं नाही, आणि मला उगाच रडू आलं. वय झालं की कशानंही येतं.

नवा मॅनेजर सैन्यात होता. तो खेळाडूंना पळवतो, पण सामने काही पळत हातात येत नाहीत. गाव आता संघावर चिडलंय आणि संघ राहतो माझ्याकडे. आपल्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'हरणाऱ्यांची खानावळ.' मी बादली-झाडू घेऊन बाहेर आले तर भिंत आधीच चुन्यानं रंगवलेली, आणि शॉर्टस्टॉप ब्रश धूत बसलेला. मी बादली-झाडू परत आत नेला.

बाजारात तर ऐकवत नाही. खाटीक तोन्यो परवा भर गर्दीत म्हणाला, "दोन्या, त्या शॉर्टस्टॉपला मांस कशाला घालता? लोणी घाला. बोटांना तर लावलेलंच आहे, चेंडू टिकतो कुठे हातात!"

मी म्हटलं, "तोन्यो, तुझ्या तराजूला जेवढं लोणी लागलंय तेवढं कुणाच्याच बोटांना नाही."

सगळा बाजार हसला. मीही तोऱ्यात निघाले. पार चर्चच्या पायऱ्यांपाशी आले तेव्हा ध्यानात आलं की मी कुणाची बाजू घेतली. तिथेच टोपली खाली ठेवून बसले.

सतरा चुका झाल्यात त्याच्या. रेडिओवाला मोजतो. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे.

तिकडे बर्फ पडतं म्हणतात या महिन्यात. तुझ्याकडे जाड कोट आहे का, एवढं तरी लिही.

आई

 

२३ डिसेंबर १९७४

नेरे,

काल मी सामना बघायला गेले.

हो, मी. वीस वर्षं खेळाडूंची ताटं वाढली, पण मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. ते खेळायला जातात तेव्हा मी त्यांच्या रात्रीच्या जेवणाला लागलेली असते. काल रविवार, सामना दुपारचा. चेपा दारात येऊन उभी राहिली. "ओनोरिना, आज हरले तर संपलं. पहिल्या चारांत यायची आशा गेली. चल, निदान मयताला तरी चल."

मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही काही."

"त्यांनाही कळत नाही. चल."

ऊन रणरणत होतं. चेपानं डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता, शिट्टी गळ्यात. मी काळा पोशाख केला होता, चर्चमधून तशीच गेले. लोक माझ्याकडे बघून कोपरानं एकमेकांना ढोसत होते, खानावळवाली आली म्हणून.

आठ डाव आपले बरे चालले. एका धावेनं पुढे होतो. त्या दिवशी शेवटची पाळी समोरच्यांची होती. त्यांचे दोन गडी बाद झाले, फक्त एक राहिला. त्यांचे दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर येऊन थांबले होते. चेपानं माझा हात धरला आणि नखं रोवली. त्यांच्या माणसानं बॅट फिरवली, चेंडू जमिनीवरून टप्पे खात सरळ फाउस्तोकडे आला. अगं, मलासुद्धा कळलं की सोपा आहे. मी अंगणात कोंबडी पकडते ती याहून अवघड असते. तो वाकला. आणि चेंडू त्याच्या दोन पायांच्या मधून मागे गेला.

दोघे धावून आले, दोन धावा. संपलं.

शिट्ट्या सुरू झाल्या. संत्री फेकली लोकांनी, बर्फाचे पेले फेकले. चेपा उभी राहून ओरडली, "आंधळ्या! तुझी आई..." आणि माझ्याकडे बघून तिनं वाक्य गिळलं. बाकीचे खेळाडू खाली मान घालून आत गेले. हा तिथेच. वाकलेला, ग्लव्ह जमिनीला टेकलेला, जणू चेंडू अजून यायचाय. रेडिओवर 'चूक' म्हणतात तेव्हा तो एक शब्द असतो, ऐकला आणि गेला. तिथे बसल्यावर दिसतं ते मैदान केवढं मोठं आहे, आणि त्यात तो एकटा माणूस. शेवटी रोडमिरो परत आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला घेऊन गेला.

लोक निघून गेले तरी मी बसून होते. चेपा म्हणाली, "चल ना गं." मी म्हटलं, "तू हो पुढे."

घरी आले तर तो अंगणात कपडे धुण्याच्या दगडावर बसला होता, खेळाच्याच कपड्यांत. ऊन उतरलं होतं. मला काय झालं कुणास ठाऊक. दया यायला हवी होती, आला राग. तीन वर्षांचा सगळा. मी म्हटलं, "तुम्ही हात कुठे ठेवून आलात हो? माझी मुलगी नेलीत तेव्हा तर चांगले चालत होते."

त्यानं वर बघितलं. मग त्यानं एक गोष्ट सांगितली.

ती मला आज लिहिता येत नाही. तुला सांगायची गरजही नाही, तुला ती माहीत आहे.

उद्या नाताळची संध्याकाळ. पास्तेल करायचेत आणि ते गुंडाळून उकडायची केळीची पानं अजून पुसायची राहिलीत. जाते.

 

१२ जानेवारी १९७५

नेरे, बाळा,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तू म्हणाली होतीस त्याच्याविषयी काही लिहू नकोस. हे त्याच्याविषयी नाही.

त्यानं मला विचारलं, "नेरेइदानं तुम्हाला काहीच कळवलं नाही?"

मी म्हटलं, "काय कळवायचं?"

तो बराच वेळ ग्लव्हच्या वाद्या सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "मुलगी झाली होती आम्हाला. फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. दोन महिने आधी झाली. अकरा दिवस होती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, "कुठे होती?" बघ, काय वेड्यासारखं विचारलं.

"इस्पितळात. काचेच्या पेटीत. एवढीशी होती, दोन्या. या ग्लव्हमधे मावली असती. शेवटच्या दिवशी नर्सनं बाहेर काढून माझ्या हातात दिली. मला म्हणाली, घट्ट धरू नका, सैलही धरू नका." आणि मग तो म्हणाला, "तेव्हापासून खालून काही माझ्याकडे येतं ना, तर किती घट्ट धरायचं ते माझ्या हातांना कळत नाही."

मी त्याला विचारलं, "मला का नाही कळवलंत? मी आई आहे तिची!"

त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसलं असतं. तो हळूच म्हणाला, "मी पत्र लिहायला घेतलं होतं. नेरेइदानं कागद काढून घेतला. म्हणाली, आईनं काय सांगितलं होतं ते आठवतंय ना?"

मला आठवत होतं. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की रागात माणूस कमी-जास्त बोलतं. कमी नव्हतं ते. तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि मी म्हटलं, उद्या याचं मूल पोटात वाढलं तर ते घेऊन माझ्या दारात येऊ नकोस, मला ते बघायचंसुद्धा नाही. शब्द न् शब्द आठवतो. तीन वर्षं मी चेपाला सांगत आले की मुलगी भांडून गेली. मी काय बोलले ते कुणाला सांगितलं नाही. पाद्रीबाबांनाही नाही.

मी तुला कारणं देऊ शकते. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, परक्या पुरुषांना घरात ठेवून पोट भरायचं होतं, गाव टपून बसलं होतं की या घरात काहीतरी होणार. मी नियम केला होता, जेवणाच्या खोलीपलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. तू शिक्षिका होणार होतीस. ते सगळं खरं आहे. पण तू त्या काचेसमोर अकरा दिवस उभी होतीस तेव्हा तुझ्या कानात माझं ते वाक्य होतं, आणि त्याच्यापुढे माझी कारणं म्हणजे पालापाचोळा.

त्या संध्याकाळी मी त्याच्याशेजारी दगडावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. चेपा कुंपणावरून डोकावली आणि न बोलता परत गेली. चेपा, न बोलता! मग मी त्याला म्हटलं, "ऊठ. कपडे बदल. तुझ्यासाठी सूप ठेवलंय." तू म्हटलं मी त्याला. तो रडायला लागला. सामन्यानंतर नव्हता रडला.

आता सामन्यांना अर्थ उरलेला नाही. बगळे सगळ्यांत खाली आहेत आणि खालीच राहणार. मैदानात चाळीस-पन्नास लोक येतात, त्यातले निम्मे सावलीसाठी. नगराध्यक्ष येत नाहीत. पण घरचे सामने असले की मी जाते. जेवण सकाळीच करून ठेवते. चेपा म्हणते, "सगळे सोडून गेले तेव्हा तू आलीस! तुझं सगळंच उशिरा गं ओनोरिना." ती चेष्टेत म्हणाली. मी हसले नाही.

गेल्या गुरुवारी फाउस्तोनं एक चेंडू मारला, दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून, आणि दुसऱ्या बेसपर्यंत धावत गेला. मी उभी राहून ओरडले, "शाब्बास रे पोरा!" रिकाम्या मैदानात आवाज केवढा घुमला. तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. त्यानं प्रेक्षकांकडे बघितलं, कोण ओरडलं ते शोधलं, आणि मी दिसल्यावर टोपी काढली. तो सामनाही हरलो. नऊ-दोन.

तो तुझ्याविषयी वाईट बोलत नाही. एवढंच सांगते, आता पुन्हा नाही सांगणार. तो म्हणतो, "आम्ही भांडलो नाही, दोन्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं की ती दिसायची. मग आम्ही बघायचं सोडलं."

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागण्याइतकी माझी पत नाही. पण मला कळलंय, हे तुला कळावं.

आई

 

१६ फेब्रुवारी १९७५

माझ्या नेरे,

तुझं उत्तर आलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

हंगाम संपला. साठ सामन्यांत सतरा जिंकले. वर्तमानपत्रात आलं की संघाच्या इतिहासात इतका वाईट हंगाम झालेला नाही. पुढच्या वर्षी क्लब खेळाडूंना राजधानीजवळच्या हॉटेलात ठेवणार आहे, माझ्याकडे नाही. कारकून सांगायला आला तेव्हा टोपी हातात फिरवत होता. मी म्हटलं, "बरं झालं, माझी कंबर दुखते." ती दुखत नाही.

रोडमिरो पनामाला गेला. फाउस्तोला क्लबनं सोडलं. त्यानं वाद घातला नाही. त्याच्या आईच्या गावाजवळ साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांवर मुकादम म्हणून लागलाय. जाताना त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं, आशीर्वाद मागितला, जसा मुलं आईकडे मागतात. मी दिला. ग्लव्ह तो चौथ्या खोलीतच ठेवून जात होता. मी पळत जाऊन बसच्या खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकला.

मग घरी आले. चार गाद्या उन्हात घातल्या. दुपारी सवयीनं मोठं पातेलं चढवलं, सहा माणसांचा भात केला. एकटी बसले. रेडिओ लावला तर बेसबॉल नाही, नुसतं संगीत. भात तीन दिवस पुरला, मग कोंबड्यांना घातला. या घरात भिंतीचं घड्याळ आहे ना, त्याचा एवढा आवाज होतो हे मला माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी काळा पोशाख घातला आणि राजधानीची बस धरली. अमेरिकेच्या वकिलातीत रांग होती, पहाटेपासून लोक. माझा नंबर आला तेव्हा दुपार टळली होती. खिडकीमागे एक तरुण अधिकारी, आपली भाषा बरी बोलत होता.

"न्यूयॉर्कला कोण आहे, सेन्योरा?"

"मुलगी."

"जाण्याचं कारण?"

मी बसमधे उत्तर पाठ केलं होतं, मुलीला भेटायला म्हणून. पण तोंडातून निघालं, "नातीसाठी."

"अच्छा. नात किती वयाची?"

आता याला काय सांगू? दोन वर्षांची म्हणू? मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "अकरा दिवसांची."

त्या पोराचा चेहरा एकदम फुलला. हातातलं पेन ठेवलं त्यानं. "अभिनंदन, आजी!" म्हणाला. "पहिलीच?"

"हो," मी म्हटलं. "पहिलीच."

मागच्या रांगेतल्या दोन बायकाही म्हणाल्या, अभिनंदन, देव तिला उदंड आयुष्य देवो. एकीनं माझा दंड दाबला. मी सगळ्यांचे आभार मानले. नेरे, मी फसवलं त्यांना, की नाही फसवलं, मला ठरवता येत नाही. पण तिच्या जन्माबद्दल तोवर माझं कुणी अभिनंदन केलं नव्हतं. मी ते घेतलं. बाहेर पायरीवर बसून ते घट्ट धरून ठेवलं बराच वेळ.

व्हिसाचा शिक्का मिळाला. एका महिन्यासाठी. आठ मार्चला विमान आहे, दुपारी पोचतं. चेपा कोंबड्या सांभाळेल. मी तुझ्याकडे राहायला येत नाही. चेपाच्या पुतण्याच्या घरी सोफा आहे, तिथे झोपेन. तुला मला बघवलं नाही तर मी तसं समजून घेईन, तुझ्या दाराशी घिरट्या घालणार नाही. पण तिला जिथे ठेवलंय तिथे मला एकदा जायचं आहे. शक्य असेल तर तू ने. नाही तर कागदावर लिहून दे, मी विचारत विचारत जाईन.

आणि एक. फाउस्तो निघायच्या आदल्या दिवशी तिचं नाव सांगणार होता. नुसतं पहिलं अक्षर त्याच्या ओठांवर आलं होतं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, थांब, हे तू नको सांगूस.

ते तू सांग.

आई